पाच सुती पट्टी

वाईच्या घरात माजघरातून ओटीवर येताना जे दार लागतं, त्याच्या चौकटीभोवतीची पट्टी दोन वर्षांपूर्वी माझ्या हातात आली. हातात आली म्हणजे अक्षरशः. चप्पल घालताना आधाराला हात टेकला आणि हातभर लांबीचा तुकडा भिंतीपासून सुटून आला. वरून तेलरंगाचा पापुद्रा शाबूत, आत मातीचे बोगदे. वाळवी केव्हापासून होती कोण जाणे. मागची पन्हळ फुटून तीन पावसाळे त्या भिंतीत पाणी मुरलं होतं, तेवढं तिला पुरलं.

चौकट मात्र ठणठणीत होती, टिचकी मारली तर घंटेसारखी वाजत होती. उजवीकडची उभी पट्टीही धड होती. गेली ती डावीकडची उभी आणि वरची आडवी. मागच्या खोलीच्या खिडकीभोवतीही तीच पट्टी, तीही अर्धी गेलेली. सगळी लांबी मोजली तर 30 फूट भरली. रुंदी 3 इंच, जाडी पाच सूत; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन इंचांत तिचा आकार असा: बाहेरच्या कडेला एक भरीव गोल, मग बारीक खाच, मग नागमोडी उतार जो चौकटीपाशी येऊन पातळ होतो. मिस्त्री लोक याला गलता म्हणतात. आजोबांनी हे घर बांधलं तेव्हा तो हातरंध्यानं पाडलेला होता. संध्याकाळी ओटीवरचा दिवा लावला की त्या खाचेत एक काळी रेघ उभी राहते. लहानपणी मी अंथरुणात पडून ती रेघ बघत असे. तीच रेघ मला परत हवी होती. तिच्यासारखी दुसरी नको होती.

आकार पाडण्याची मला काळजी नव्हती. लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातं घ्यायचं, त्याच्या कडेला उजव्या पट्टीचा आकार कानशीनं उलटा घासायचा, पातं लाकडाच्या ठोकळ्यात धरायचं आणि पट्टीवर सरळ ओढत राहायचं. दर ओढीला केसाएवढा भुगा निघतो, आणि तासाभरात चार फुटांवर गलता उमटतो. माझं घोडं अडलं त्याच्या आधी, म्हणजे पाच सुती कोऱ्या फळीवर. ती कुठे मिळते?

कुठेच मिळत नाही. हे कळायला मला चार महिने लागले.

वाईतल्या प्लायवूडच्या दुकानात बीडिंगच्या पट्ट्या होत्या: पाव इंची, अर्धा इंची, पाऊण इंची, काचेला लावायच्या आणि प्लायच्या कडेला मारायच्या. रुंद मोल्डिंगही होतं, पण पाइनचं, एमडीएफचं म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचं, नाहीतर पीव्हीसीचं, आणि त्यांच्या पुस्तकात असलेल्या नमुन्यांतच. त्या नमुन्यांना मी नावं ठेवणार नाही, नव्या फ्लॅटमध्ये ते शोभतात. पण ज्या दाराला एका बाजूला अजून जुनी पट्टी उभी आहे, त्याच्या दुसऱ्या बाजूला एमडीएफ लावणं मला जमलं नसतं. शिवाय त्या भिंतीला ओल येऊन गेलेली, आणि एमडीएफला ओल लागली की ते फुगतं आणि मग कधीच बसत नाही.

मग पुण्याच्या भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. तिथे गेलं की आधी वास येतो, ताज्या सागाचा, चामड्याच्या जवळ जाणारा. मला तो वास फार आवडतो आणि त्यामुळे तिथे माझा विवेक थोडा सैल पडतो. एका वखारीत शेठजींना म्हटलं, "पाच सुती सागाच्या फळ्या हव्यात, तीस फूट."

ते म्हणाले, "एक इंचाच्या खाली आम्ही चिरून ठेवत नाही. दाराचं माल घ्या, दीड इंची, दोन इंची. तुम्हाला पाहिजे तसं गिरणीत फाडून घ्या."

का ठेवत नाहीत, हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं आणि ते मला आजही पटतं. सागाचा भाव घनफुटावर. एक घनफूट लाकूड म्हणजे एक इंची फळी 12 चौरस फूट, अर्धा इंची असती तर 24. पण हा कागदावरचा हिशोब. करवत प्रत्येक फाडीत आपली वाट काढते. बँडसॉचं, म्हणजे पट्ट्यासारख्या फिरत्या करवतीचं, पातं दोनेक मिलिमीटर खातं, गोल करवत तीन. मग दोन्ही अंगांनी रंधा. फळी जितकी पातळ, तितका भुशाचा हिस्सा मोठा. आणि पातळ फळी वखारीत उभी ठेवली की आठ दिवसांत तिला वाक येतो. वाकलेली फळी गिऱ्हाईक घेत नाही, म्हणजे तोटा वखारीचा. म्हणून पातळ करायची जोखीम ज्याला पातळ हवं त्यानं उचलायची, असा तो व्यवहार आहे.

त्या दिवशी मी घरी येऊन कागदावर आकडे मांडले. एक इंच म्हणजे आठ सूत. एक इंची फळीतून पाच सुती एकच निघते, तीन सूत रंध्याच्या भुग्यात जातात. दीड इंची म्हणजे बारा सूत. ती मधोमध फाडली तर करवतीचं आणि रंध्याचं मिळून दोन सूत जातं आणि पाच पाच सुतांच्या दोन निघतात. एक इंचीत तीन अष्टमांश लाकूड वाया जातं, दीड इंचीत एक षष्ठांश. म्हणजे जाड फळी घेणं स्वस्त. माझ्या तीस फुटांना दीड इंची लाकूड जेमतेम अर्धा घनफूट लागणार होतं, गाठी आणि चिरा धरून पाऊण.

जाडीइतकंच महत्त्वाचं आहे फळीचं डोकं, म्हणजे तिचं टोक, बघून घेणं. तिथे वर्षवलयांच्या रेषा दिसतात. त्या जाडीतून उभ्या जात असतील तर ती फळी पातळ केल्यावरही बरीचशी सपाट राहते. रेषा धनुष्यासारख्या आडव्या असतील तर तीच फळी पन्हळीसारखी होते, कारण लाकूड वलयांच्या दिशेनं जितकं आकसतं त्याच्या निम्मंच गाभ्याकडून सालीच्या दिशेनं आकसतं. वखारीत ढिगातून अशी उभ्या रेषांची फळी शोधायला वेळ द्यावा लागतो, आणि काही ठिकाणी ढीग उपसू देत नाहीत. उपसू देतात तिथेच घ्यावं.

आता रुंद, सरळ, सगळी गाभ्याची फळी मिळणंही अवघड झालंय. वखारीत अजून 'सीपी टीक' म्हणतात. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत त्या नावानं 1950 मध्ये संपला, चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे पुढे महाराष्ट्रात आले, पण बल्लारपूर आणि आलापल्लीच्या सागाला व्यापारी अजून त्याच नावानं हाक मारतात. अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांना 2023 मध्ये बल्लारपुराहून गेलं ते याच मुलखातलं लाकूड. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर मान्य कार्ययोजनेबाहेरची जंगलतोड थांबली आणि ते योग्यच झालं. ब्रह्मदेशानं 1 एप्रिल 2014 पासून ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. तेव्हापासून आफ्रिकेतून, दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून लागवडीचा साग जास्त येतो. लहान वयात तोडलेला, बारीक घेराचा. त्यात कडेचं पांढरं लाकूड बरंच असतं आणि वाळवी आधी तेच खाते.

मी दोन फळ्या घेतल्या. जुलै महिना होता. तिथेच जवळच्या गिरणीत मधोमध फाडून घेतल्या, गाडीत घालून कोथरूडला आणल्या आणि गच्चीखालच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवल्या. आठव्या दिवशी चारही फळ्यांची नवी फाडलेली बाजू खोलगट झाली होती. दोन एकमेकींवर ठेवल्या तर कडा चिकटत आणि मध्ये करंगळी जाईल एवढी फट. रंधा मारून सपाट केल्या असत्या तर कडेला चार सूतही उरले नसते.

ज्या दुकानातून घेतल्या तिथे 'एकदम सुका माल' सांगितलं होतं. वरून तो सुका होताही. फळीच्या आतली ओल कुणी पाहिली नव्हती, मीही नाही. वरचं लाकूड आधी सुकतं, पोट ओलं राहतं. फाडलं की ते पोट उघड्यावर येतं, सुकतं, आकसतं आणि फळीला आपल्याकडे ओढतं. हे मला माहीत असायला हवं होतं. त्या फळीचा उरलेला एक तुकडा मी नंतर वजन करून पाहिला. 100 ग्रॅम भरला. ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या जरा वर ठेवून, वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवला, तर 84 वर येऊन थांबला. गेलेल्या 16 ला उरलेल्या 84 नं भागायचं: 19 टक्के ओल. घरात लावायच्या लाकडात दहा-बारा टक्के असावी. हा प्रयोग स्वयंपाकघरातल्या काट्यावर होतो. फळी घेताना टोकाचा नाही, टोकापासून हातभर आतला बोटभर तुकडा कापून मागावा आणि आधी तो तपासावा. टोकं नेहमीच लवकर सुकतात, त्यामुळे टोकाचा तुकडा फसवतो.

मधल्या काळात मी इतर वाटाही धुंडाळल्या. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून निघणाऱ्या, माल रचायच्या पॅलेटच्या फळ्या सहा-सात सुती असतात, म्हणजे जाडी जवळपास तयार. परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. 'एचटी' असेल तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूनं, आणि ते मी घरात आणणार नाही. पाइनच्या त्या फळ्यांतून मी पुण्याच्या घराचं स्कर्टिंग केलं, रंगवलं, आणि ते छान दिसतं. रत्नागिरीच्या मावशीच्या माळ्यावर फणसाच्या फळ्या आहेत, हळदीसारख्या पिवळ्या, वर्षानुवर्षं आडव्या निजलेल्या. त्या मागायचा धीर झाला नाही. तिनं त्या देव्हाऱ्यासाठी ठेवल्यात.

दिवाळीत वाईला गेलो, तेव्हा आमच्या मागच्या आळीतला एक वाडा उतरवत होते. तिथे अपार्टमेंट होणार. तुळया आणि खांब ट्रकमध्ये चढलेले, कोरीव हस्त, म्हणजे तुळईखालचे आधार, वेगळे काढून गोणपाटात बांधलेले. आणि रस्त्याच्या कडेला, मातीत, फळ्यांचा एक मोठा ढीग. कडीपाटाचे पाट होते ते.

कडीपाट ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तुळईवर हात-दीड हात अंतरानं कड्या, कड्यांवर फळ्या म्हणजे पाट, पाटांवर मातीचा थर आणि वर चुन्याची नाहीतर शेणाची जमीन. खालच्या मजल्यावर झोपलेला माणूस वर पाहतो ते हे पाट. मराठी घरातलं पातळ लाकूड शतकानुशतकं इथे, डोक्यावर होतं. पेशव्यांनी शनिवारवाडा बांधला तेव्हा साग जुन्नरच्या जंगलातून आणला, दगड चिंचवडचा आणि चुना जेजुरीचा. त्यातला दगड उरला आहे. लाकूड 1828 च्या आगीत गेलं. लहान गावांतल्या लहान वाड्यांतलं लाकूड मात्र आत्ताआत्तापर्यंत टिकून होतं, आणि आता ते ट्रकनं जातंय.

ढिगाशी असलेला माणूस म्हणाला, "पाट कोण घेतंय साहेब? खिळं हायती, माती हाय. बंबफोड म्हणून जाईल."

पाणी तापवायच्या बंबात सरपण म्हणून जाणार होते ते पाट. मी चौदा निवडले. त्यानं मागितले तेवढे पैसे दिले; घासाघीस करावीशी वाटली नाही.

घरी आणून एक पाट अंगणात ठेवला आणि ओल्या फडक्यानं पुसला. वरच्या बाजूला माती लाकडाच्या शिरांत बसून दगड झालेली. खालची बाजू काळी कुळकुळीत, चुलीच्या धुराची. नखानं खरवडली तर डांबरासारखी सोलून येणारी. खालून वर तिरप्या, एकमेकींना समांतर रेघा होत्या. गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या असतात. या सरळ होत्या, पण अंतर सारखं नव्हतं. कुठे दाट, कुठे विरळ. एक माणूस ओंडक्यावर उभा राहून आणि एक खाली बसून ओढायचे त्या करवतीच्या. जिथे रेघा दाट होत गेल्या होत्या तिथे एक गाठ होती. तिथे ते दोघे हळू झाले असणार.

आमचे मिस्त्री तेव्हा आले. सत्तरी ओलांडलेले, वडीलही त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. त्यांनी पाट उचलून तोलला, डोळ्याशी धरून कडेनं पाहिला आणि म्हणाले, "ह्यो आता हलायचा न्हाई. ह्याला जेवढं हलायचं हुतं तेवढं हलून झालंय."

पण काम सोपं नव्हतं. जुनं लाकूड गिरणीत कुणी घेत नाही. आतला एक खिळा बँडसॉचं अख्खं पातं तोडतो आणि उडालेला तुकडा माणसाला लागू शकतो. त्यामुळे नकार मिळाला तर रागावू नये. मी तीन दिवस खिळे काढले. पुढे जाड लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक पाटावरून फिरवला. जिथे तो ओढला गेला तिथे खडूनं खूण, आणि पटाशीनं, म्हणजे सुताराच्या छिन्नीनं, उकरून तुटलेला खिळा बाहेर. मग तारेचा ब्रश, मग पाणी, मग दोन दिवस सावलीत. माती राहिली तर रंध्याची धार पाच मिनिटांत जाते. सागात मुळातच वाळूसारखे बारीक कण असतात, नवा सागही धार लवकर घालवतो.

पाट नऊ-दहा सुती होते. फाडायचा प्रश्नच नव्हता, दोन निघाल्या नसत्या. मिस्त्रींनी एकच अट घातली: जेवढं एका अंगानं काढाल तेवढंच दुसऱ्या अंगानं काढायचं. दोन सूत वरून, दोन खालून. एकाच बाजूनं चार सूत काढलं तर आतला ताण एकीकडे सुटतो आणि शंभर वर्षांचं लाकूडही वाकतं. पहिला रंधा काळ्या बाजूवर मारला. काजळी कुरळी होऊन निघाली आणि तिच्या खाली मधासारखा रंग, मध्येच हिरवट पट्टे. ताजा रंधलेला साग थोडा हिरवट असतो, उजेडात राहिला की आठवडाभरात सोनेरी होतो. अंगण वासानं भरून गेलं. आई आतून बाहेर आली आणि म्हणाली, "हा वास तुझ्या आजोबांच्या वेळचा."

सात सुतांवर आल्यावर पाट थांबवले. माजघरातच, जिथे पट्टी लागणार त्या भिंतीपासून वीतभर दूर, आडवे रचले. प्रत्येक थरात तीन ठिकाणी सारख्या जाडीच्या पट्ट्या, एकाखाली एक बरोबर रेषेत, आणि सगळ्यात वर वजनाला दळायचं जातं. वाईची हवा पुण्याहून वेगळी, पाचगणी-महाबळेश्वरच्या पायथ्याची. लाकडाला त्या खोलीची हवा लागू द्यायला हवी होती. सहा आठवडे मी हात लावला नाही. मग पाच सुतांवर आणले, तीन इंचांवर कापले. चार पाट न रंधता तसेच ठेवले होते; उरलेल्या दहांतून नऊ पट्ट्या धड निघाल्या.

खाल्लेली पट्टी उतरवली ती त्यानंतर. तिची मागची बाजू पहिल्यांदाच पाहत होतो. तिला रंधा लागलाच नव्हता. करवतीच्या रेघा तशाच, आणि जाडी एकसारखी मुळीच नाही: एका टोकाला साडेचार सूत, मध्ये सहा, परत पाच. पाच सूत फक्त दिसणाऱ्या कडेला होतं. जिथे जाड होती तिथे मागून पटाशीनं उकरून भिंतीत बसवलेली. मी चार महिने जे पाच सूत शोधत होतो ते त्या दारावर कधी नव्हतंच, तिथे फक्त एक कड होती.

मिस्त्रींनी तुकडा फोडून पाहिला, वास घेतला. मग उजवीकडची धड पट्टी नखानं दाबली.

"उजवी साग हाय. ही डावी आंबा."

"आंबा? एकाच दाराला दोन लाकडं?"

"संपला आसंल साग. त्या टायमाला बी मिळत नव्हता की पातळ. जे व्हतं ते लावलं, वर रंग मारला."

तेलरंगाखाली कुणाला कळलं नव्हतं. आंब्याचं लाकूड वाळवीला गोड, म्हणून ओल येताच तीच बाजू गेली. आजोबांच्या मिस्त्रीनं ते चुकवून केलं असं मला वाटत नाही. आंब्याच्या पट्टीवरचा गलता सागावरच्या गलत्याइतकाच नेटका होता, खाच तितकीच खोल. तो माणूस माझ्यासारखाच तीस फुटांसाठी फिरला असेल, कमी पडलं, आणि मग जे हाताशी होतं त्यावर त्यानं पूर्ण मन लावून काम केलं.

पट्ट्या बसवायला दोन दिवस लागले. कोपऱ्यांत पंचेचाळीसचा काप, सांध्याला गोंद लावण्याआधी थिनरनं पुसून घेतलं, कारण सागातलं तेल गोंद धरू देत नाही. मागची बाजू मीही रंधली नाही. भिंत जिथे फुगली होती तिथे मिस्त्रींनी पटाशीनं उकरून पट्टी बसवली, पूर्वी केली होती तशीच. बारीक खिळे मारले, डोकी आत ठोकली. लाकूड उघडं ठेवायचा मोह झाला होता, पण उजवीकडच्या पट्टीला रंग आहे, म्हणून तोच रंग. मागच्या बाजूला, रंग लागत नाही तिथे, मी पेन्सिलनं 'साग, पाटाचा' एवढं लिहून ठेवलं. पुढे कुणी काढली तर त्याला फोडून वास घ्यावा लागू नये.

संध्याकाळी ओटीवरचा दिवा लावला. डावीकडच्या खाचेत रेघ उभी राहिली, उजवीकडच्यापेक्षा थोडी अधिक धारदार. उजवीकडे रंगाचे अनेक थर साचलेत, तेवढा फरक राहणार.

दोन पट्ट्या आणि न रंधलेले चार पाट उरले आहेत. माळ्यावर आडवे ठेवलेत, खाली तीन-तीन पट्ट्या घालून. मागच्या खोलीच्या खिडकीची एक बाजू अजून व्हायची आहे. पन्हळ मात्र आधी बदलली.